पहिल्यांदाच पूर्ण भूल घेणार असाल तर: पेशंट आणि नातेवाईकांसाठी पायरी पायरीने

ऑपरेशन ठरलं की घरात सगळी चर्चा सर्जनची. हात कसा आहे, टाके किती पडतील, मेडिक्लेम पास होईल का. भुलीचा विषय निघाला तर कोणीतरी म्हणतं "ते काय, एक इंजेक्शन देतात आणि झोपवतात" आणि पुढचा विषय सुरू. ते एक इंजेक्शन देणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून जरा आमच्या बाजूने सांगते, कारण पेशंट आमच्यासमोर येतो तो बऱ्याचदा थेट ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात, आणि तिथे बोलायला वेळ कमी आणि धडधड जास्त असते.

उदाहरण म्हणून पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन धरू. रोजचं आहे, सगळीकडे होतं, आणि त्याला साधारणपणे पूर्ण भूलच लागते.

आधी हे कळू दे की पूर्ण भूल म्हणजे काय

ही झोप नाही. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठून आधी तुम्हाला शिव्या देईल. भुलीत पोटाला छेद दिला तरी माणूस हलत नाही, कारण त्यात चार गोष्टी एकदम केलेल्या असतात: शुद्ध नसते, वेदना दाबलेली असते, नंतर काही आठवत नाही आणि स्नायू ढिले केलेले असतात. या चारही गोष्टी एकाच औषधाने नीट होत नाहीत म्हणून वेगवेगळी औषधं थोडी थोडी देतात. आणि गंमत बघा, माणूस पूर्ण बेशुद्ध असला तरी शरीराला मार कळतोच, छेद दिल्यावर नाडी पळायला लागते, बीपी चढतं, म्हणून बेशुद्ध पेशंटलाही वेदनेचं औषध द्यावंच लागतं. हे बऱ्याच जणांना पटत नाही पण मॉनिटरवर रोज दिसतं.

१८४६ च्या आधी यातलं फारसं काही नव्हतं. दारू पाजा, अफू द्या, चार जणांनी धरून ठेवा आणि सर्जनने हात जितका झपाझप चालेल तितका चालवावा. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन नावाच्या दाताच्या डॉक्टरने ईथर हुंगवून दाखवलं, पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यात पोचलं, एडिंबरात सिम्प्सन नावाच्या डॉक्टरने क्लोरोफॉर्म वापरलं तेही १८४७ मध्येच. आपल्याकडे हैदराबादला रुपाबाई फर्दुनजी या १८८० च्या दशकाच्या शेवटी क्लोरोफॉर्म देत होत्या, जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात. हे आमच्या लोकांनाही फारसं माहीत नसतं, म्हणून मुद्दाम घुसवलं.

तर मग पित्ताशयालाच पूर्ण भूल का, कमरेत इंजेक्शन देऊन का नाही? दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर (पाऱ्याचे, बीपी मोजतात तसे) ठेवतात, म्हणजे आतलं दिसायला जागा होते. पण त्या फुगलेल्या पोटाने छातीचा पडदा वर ढकलला जातो, श्वास घेणं जड होतं, आणि तो गॅस रक्तातही शिरतो, तो फुप्फुसातून बाहेर काढावा लागतो. म्हणून श्वासनलिकेत नळी टाकून मशिनने श्वास देणं सगळ्यात सुरक्षित. हर्निया, सिझेरियन, पायाचं फ्रॅक्चर अशा ठिकाणी कमरेतलं इंजेक्शन बऱ्याचदा पुरतं. "मला पूर्ण भूलच द्या" किंवा "मला अजिबात नको" असा हट्ट धरण्याआधी का ते विचारा, कारण असतं.

पायरी १: भूलतज्ज्ञाला आधी भेटा

फिजिशियनने फिटनेस दिलं म्हणजे झालं, असं समजू नका. ती वेगळी गोष्ट. भुलीआधीची तपासणी भूलतज्ज्ञच करतात. मोठ्या हॉस्पिटलात त्याची वेगळी ओपीडी असते, पण तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ बऱ्याचदा बाहेरून येतात, सकाळी एका हॉस्पिटलात, दुपारी दुसऱ्या. अशा ठिकाणी सर्जनना सरळ विचारायचं, भूल कोण देणार आहेत आणि त्यांच्याशी आदल्या दिवशी भेट किंवा निदान फोनवर बोलणं होईल का. यात कोणाचा अपमान होत नाही, विचारा बिनधास्त.

या भेटीत ते तोंड उघडायला सांगतील, जीभ बाहेर काढायला सांगतील, मान मागे करायला सांगतील. लोक हसतात, "डॉक्टर ऑपरेशन पोटाचं आहे". अहो, नळी तोंडातून जाणार आहे. घशात मागे किती दिसतं त्यावरून नळी टाकणं सोपं की अवघड याचा अंदाज येतो, ही पद्धत १९८५ मध्ये मूळचे आंध्रातले डॉ. शेषगिरी मल्लमपती यांनी बोस्टनमधून मांडली आणि आज जगभर तीच ग्रेड लिहितात.

आपल्याकडे इथे एक खास अडचण येते, ती म्हणजे गुटखा आणि सुपारी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, ती कशी पाळली जाते ते पानटपरीवर दिसतंच. वर्षानुवर्षं खाऊन गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर हे आधी सांगा, आपणहून सांगा, कारण अशा पेशंटला आधी झोपवून मग नळी टाकायला गेलं की फसगत होऊ शकते, त्यांना घसा बधिर करून जागेपणीच बारीक दुर्बिणीने नळी टाकायची तयारी ठेवावी लागते. ती दुर्बीण सगळीकडे नसते, आदल्या दिवशी कळलं तर मागवता येते.

पायरी २: खरं सांगा, सासूबाईंना बाहेर पाठवून सांगितलं तरी चालेल

तंबाखू, मिश्री, सिगरेट, दारू. रोज दारू घेणाऱ्याला औषधाचा डोस वेगळा लागू शकतो आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी दारू न मिळाल्याने हातपाय थरथरणं, भ्रम हे सुरू होतं, मग नातेवाईक म्हणतात भुलीने डोकं फिरलं. भुलीने नाही, दारू बंद झाल्याने. बायकोसमोर बोलायचं नसेल तर तसं सांगा, आम्ही बायकोला फाइल आणायला पाठवतो. ही युक्ती जुनी आहे.

बिडी सिगरेट काही आठवडे आधी सुटली तर उत्तमच, पण निदान आदल्या दिवसापासून तरी बंद ठेवा, एका दिवसातही रक्तातला कार्बन मोनॉक्साइड बराच उतरतो.

आणखी काय सांगायचं: आधी कधी भूल घेतली होती का आणि तेव्हा काही त्रास झाला का, दमा, रात्री जोरात घोरणं आणि मधेच श्वास अडकणं, आकडी, हलणारा दात, कवळी, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, गरोदर असण्याची शक्यता, सध्या चालू असलेला सर्दी खोकला. शिवाय घराण्यात, म्हणजे रक्ताच्या नात्यात, कोणाला भुलीत भयंकर ताप चढला होता किंवा ऑपरेशननंतर बराच वेळ श्वास परत आला नाही असं काही झालं होतं का. हे दोन प्रकार दुर्मिळ आहेत पण वारशाने येतात, आणि आधी कळलं तर ती ठराविक औषधं टाळता येतात. काकांचं किंवा मावशीचं असं काही ऐकलेलं असेल तर क्षुल्लक समजू नका. वजनही खरं सांगा, डोस किलोवर ठरतात.

पायरी ३: गोळ्यांचं काय

इथे सगळ्यात जास्त गोंधळ. लोक एकतर सगळ्या गोळ्या बंद करतात नाहीतर सगळ्या घेऊन येतात. साधारण असं असतं की थायरॉइडची, आकडीची, दम्याचे पंप, आणि बीपीतली मेटोप्रोलॉल अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी त्या सकाळी बऱ्याचदा थांबवतात, कारण ती घेतल्यावर भुलीत बीपी फार खाली येऊ शकतं. शुगरच्या गोळ्या उपाशीपोटी नको. त्यातही डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तीन दिवस आधीच थांबवायच्या असतात, सकाळी थांबवून उपयोग नाही, म्हणून गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, "पांढरी छोटी गोळी" सांगून आम्हाला काही कळत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका. स्टेंट टाकलेला असेल तर हे हार्टचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ तिघांनी मिळून ठरवायचं. आणि हल्ली वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन घेणारे वाढलेत, सेमाग्लुटाइड, ते घरच्यांनाही सांगत नाहीत. त्याने पोट उशिरा रिकामं होतं. उपाशी असूनही पोटात अन्न सापडू शकतं, म्हणून सांगायलाच पाहिजे. काढे, चूर्ण, जिमची पावडर हेही सांगा, "ते औषध थोडंच आहे" असं म्हणू नका.

पायरी ४: उपाशी म्हणजे उपाशी, चहासुद्धा मोजायचा

भुलीत गिळायची आणि ठसक्याची ताकद बंद असते. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात जातं, अ‍ॅसिडसकट. त्यातून होणारा न्यूमोनिया जीवावर बेततो. म्हणून हा नियम, बाकी कुठलं कारण नाही.

साधारण हिशोब: तेलकट, मटण, बिर्याणी असं जड जेवण ८ तास आधी. हलकं, म्हणजे पोहे उपमा भात वरण, ६ तास आधी. दूध आणि दुधाचा चहा तेही ६ तास, दूध पोटात गेल्यावर पातळ राहत नाही, त्याचं दही होतं. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला ४ तास. साधं पाणी २ तासांपर्यंत, कोरा चहाही त्यातच येतो. पण तुमच्या हॉस्पिटलने जी वेळ दिली ती पाळा. कुठे "रात्री १२ नंतर काहीच नाही" सांगतात आणि तुमचा नंबर दुपारी ३ ला असेल तर विचारून घ्या की पाणी किती वाजेपर्यंत चालेल, विशेषतः लहान मुलं आणि म्हातारी माणसं, उगाच कोरडी ठणठणीत ठेवायची गरज नसते.

ओटीच्या दारातला संवाद मात्र ठरलेला.

"काका, सकाळपासून काही खाल्लं?"

"नाही नाही, कडक उपास."

"चहा?"

"चहा तेवढा घेतला. आणि दोन बिस्किटं, चहाबरोबर."

"किती वाजता?"

"आत्ताच की, निघताना."

काका प्रामाणिक आहेत, त्यांच्या हिशोबात चहा म्हणजे खाणं नाहीच. पण ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि बाहेर बसलेला मुलगा चिडतो की सुट्टी वाया गेली. चिडू दे. तंबाखूची गोळी गालात ठेवून आलेलेही असतात, तोंड उघडलं की वास येतो. लपवून काही मिळत नाही.

पायरी ५: सकाळी काय काढून ठेवायचं

कवळी, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, श्रवणयंत्र (हे डॉक्टरांशी बोलून, काही वेळा शेवटपर्यंत ठेवतात), टिकली, लिपस्टिक, नेलपॉलिश. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, तो नखातून प्रकाश टाकून रक्ताचा रंग वाचतो, गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी मध्ये आली की आकडा चुकू शकतो. हे तंत्र जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात काढलं, माझ्या मते आमच्या क्षेत्रात माणसं वाचवणारी वस्तू म्हणून याचा नंबर फार वरचा.

दागिने काढायचे कारण विजेच्या उपकरणाने रक्त थांबवतात, धातूजवळ कातडी भाजायचा धोका असतो, शिवाय हात सुजला की अंगठी रुतते. मंगळसूत्रावरून मात्र दर आठवड्याला कोणी ना कोणी अडून बसतंच. जोडवी निघतात, बांगड्या निघतात, मंगळसूत्राला हात लावू देत नाहीत. आमच्या सिस्टर एक करतात, काळ्या मण्यांचा नुसता दोरा मनगटाला बांधतात आणि सोन्याच्या वाट्या नवऱ्याच्या हातात देतात. पेशंट शांत झाली की बीपी पण खाली येतं, त्यामुळे यावर वाद घालण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

संमतीपत्रावर सही करताना वाचा. मराठीत मागा. भुलीची संमती ऑपरेशनच्या संमतीपेक्षा वेगळी असते, कोरी असेल तर आधी भरून घ्या.

पायरी ६: ओटीत गेल्यावर

थंडी असते, पांघरूण मागा. नाव, ऑपरेशन, कुठली बाजू हे पुन्हा पुन्हा विचारतील, कंटाळू नका, मुद्दाम विचारतात. छातीला ईसीजीचे स्टिकर, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला चिमटा, हातात सलाईन. मग तोंडावर मास्क धरून ऑक्सिजन देतात, साधारण तीन मिनिटं, घुसमटल्यासारखं वाटलं तरी तो नुसता ऑक्सिजनच असतो, दीर्घ श्वास घ्या. या तीन मिनिटांत फुप्फुसात जो साठा होतो तो नळी टाकताना श्वास बंद असतो तेव्हा कामी येतो.

मग दुधासारखं पांढरं इंजेक्शन, प्रोपोफोल. हातात चुरचुरतं, ते नॉर्मल आहे. अर्ध्या एक मिनिटात तुम्ही गेलेले असता, आकडे मोजायला लावले तर दहापर्यंत पोचणारे कमीच. त्यानंतर स्नायू ढिले करायचं औषध, मग नळी. यातलं तुम्हाला काहीही कळत नाही. लहान मुलांना सुई न टोचता मास्कमधून सेवोफ्लुरेन नावाचा भुलीचा गॅस हुंगवून झोपवता येतं. मुलांना "फोटो काढायला चाललोय" असलं खोटं सांगू नका प्लीज, दारातच त्यांना कळतं आणि मग कोणावरच विश्वास ठेवत नाहीत.

प्रोपोफोलचा तो डोस पाच दहा मिनिटांतच उतरायला लागतो, म्हणून पुढचा सगळा वेळ भुलीचा गॅस चालू ठेवतात, किंवा पंपाने औषध. म्हणजे "एक इंजेक्शन" हा समज इथेच संपतो. भूलतज्ज्ञ डोक्याशी बसून असतात, इंजेक्शन देऊन घरी जात नाहीत. निदान दर पाच मिनिटांनी बीपी, सतत ऑक्सिजन, आणि तुम्ही सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड, तो ३५ ते ४५ मिलिमीटरमध्ये (पाऱ्याच्याच) ठेवायचा. पोटात गॅस भरला की हा आकडा चढतो, मग मशिनचे श्वास वाढवायचे. पोट फुगवताना कधी कधी नाडी एकदम मंदावते, मिनिटाला ४० पर्यंत उतरते, तेव्हा सर्जनना सांगून पोटातला गॅस सोडायला लावायचा आणि नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन द्यायचं. बाहेर नातेवाईक चहा पीत असतात तेव्हा आत हे चाललेलं असतं. वय वाढलं की भुलीचा गॅस कमी लागतो, ऐंशीच्या आजीला तिशीतल्या पोराइतका दिला तर बीपी बसेल.

दोन भीती सगळ्यांनाच असतात. मधेच जाग आली तर? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यावर मोठी पाहणी झाली, २०१४ मध्ये अहवाल आला, साधारण १९,००० पूर्ण भुलींमागे एका पेशंटने जाग होती असं सांगितलं. आणि जागच आली नाही तर? ब्रिटनमधले आकडे सांगतात की भुलीमुळेच मृत्यू साधारण लाखात एक. हार्ट, किडनी, इमर्जन्सी असेल तर धोका वाढतो, आणि सगळ्या हॉस्पिटलांची सोय सारखी नसते, म्हणून "काहीच होणार नाही" असं मी कोणाला सांगत नाही. तुमचा धोका किती, हे तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा.

पायरी ७: जाग येताना

ऑपरेशन संपलं की भुलीचा गॅस बंद, स्नायूंचं औषध उतरवायचं इंजेक्शन, आणि मग "डोळे उघडा, जीभ बाहेर काढा, डोकं उचलून धरा". डोकं पाच सेकंद उचलून धरता आलं तर ताकद परतत आहे असं समजतात, मग नळी काढतात. बहुतेकांना हे आठवत नाही.

नंतर घसा खवखवतो एक दोन दिवस, नळीमुळे. अंग थरथरतं. मळमळ होते, बायकांना जास्त, आणि ज्यांना एसटीत उलटी होते त्यांना हमखास जास्त, हे आधी सांगितलं तर उलटीचं औषध आधीच देता येतं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर उजवा खांदा दुखतो, लोक घाबरतात की भुलीत हात पिरगळला काय, तसं नाही, पोटात उरलेला गॅस छातीच्या पडद्याला टोचतो आणि ती कळ खांद्यावर उमटते. एक दोन दिवसांत जाते. वयस्कर माणसं संध्याकाळी बरळतात, ओळखत नाहीत, तेव्हा चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच परत द्या, घरचं माणूस जवळ बसवा, दिवा चालू ठेवा, बहुतेकदा उतरतं.

नातेवाईकांनी चमच्याने गुपचूप चहा पाजू नये. सिस्टर सांगतील तेव्हाच, आधी पाण्याचे घोट.

पायरी ८: घरी गेल्यावर

२४ तास गाडी चालवू नका, स्कूटीपण नाही, दारू नाही, झोपेची गोळी विचारल्याशिवाय नाही, आणि बँकेच्या किंवा जमिनीच्या कागदांवर सही तर अजिबात नाही. रात्री घरात दुसरं कोणी मोठं माणूस असू दे. श्वास लागणं, सारखी उलटी होऊन पाणीही न टिकणं, ८ तास लघवी न होणं, ताप, हाक मारली तरी नीट जागं न होणं, यातलं काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, फोन करा किंवा सरळ घेऊन या.

डिस्चार्जच्या वेळी भुलीच्या कागदाची झेरॉक्स मागून घ्या. कुठली औषधं दिली, नळी सहज गेली की अवघड, कशाची रिअ‍ॅक्शन आली हे त्यात असतं. मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या अजून एकाला पाठवून ठेवा, पुढच्या वेळी इमर्जन्सीत फाइल माळ्यावरच राहिलेली असते.